सुई नवी होती

धाकट्याच्या डोळ्यांचा रंग थोरलीच्या नजरेत भरला तो सकाळी, चहा गाळताना. तो ओट्याला टेकून कप पुढे करून उभा होता आणि खिडकीतला उजेड नेमका त्याच्या तोंडावर पडला होता. डोळ्यांतलं पांढरं पांढरं राहिलं नव्हतं. थोरली एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात कामाला होती. चादरी, अभ्रे, टॉवेल यांच्या ढिगात दिवसभर उभं राहून पांढऱ्या-पांढऱ्यातला फरक ओळखायचा, हीच तिची रोजीरोटी. तिच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नव्हतं.

"तोंड इकडे कर."

"चहा तर दे आधी."

"इकडे कर म्हणते ना."

तिने अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढली. जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळेपणा आत पसरला होता.

"लघवी कशी होते?"

"ताई, सकाळी सकाळी काय विचारतेस."

"कशी होते?"

"चहासारखी," धाकटा म्हणाला, आणि हातातल्या कपाकडे बघून त्याने तो खाली ठेवला.

थोरली आणि धाकटा ही आईने पाडलेली नावं. आई गेली, नावं राहिली. धाकटा तिशीला आला तरी धाकटाच. तो मुळात चांगला सुतार. रंधा मारला तर फळीवर गाल ठेवून झोपावं, असा हात. पण गेली काही वर्षं तो गर्दच्या पुडीच्या नादी लागला होता, चमच्यात विरघळवून शिरेत टोचून घेत होता. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणजे तिघं: ती, तो आणि तिचा नवरा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एके काळी तोही त्याच वाटेचा प्रवासी होता. लग्नानंतर तिला ते कळलं आणि घराचं रणांगण झालं. व्यसन दोनदा सुटलं, दोनदा पुन्हा लागलं, तिसऱ्यांदा मात्र तो ठाम राहिला. त्याला दोन वर्षं होत आली होती. मेहुण्याला घरी आणून ठेवायची कल्पनाही त्याचीच. थोरली नको म्हणत होती. तो म्हणाला, "मी त्या विहिरीतून वर आलोय. पायऱ्या कुठे आहेत ते मला माहीत आहे. त्यालाही दाखवतो."

अट एकच होती. घरात टोचायचं नाही. आणि जिथे टोचशील तिथे सुई स्वतःची, नवी. रोग पसरू नयेत म्हणून नव्या सुया वाटणारी एक गाडी गल्लीच्या तोंडाशी यायची, तिथून धाकटा पाकीट घेऊन यायचा. तेवढ्यावर थोरलीने मनाची समजूत घातली होती.

नवरा त्या दिवशी लवकर कामावर गेला होता. थोरलीने मुकादमबाईला फोन करून रजा टाकली आणि धाकट्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई बोलायला सौम्य होत्या, पण फिरवून फिरवून बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. रक्त घेतलं, बाकावर बसवलं, पुन्हा आत बोलावलं.

"हिपॅटायटिस बी आहे," त्या म्हणाल्या. "कावीळच, पण रक्तातून पसरणारी. तुमच्या वयात बहुतेकांची आपोआप बरी होते. विश्रांती घ्यायची, दारूचा थेंब नाही, मनाने कुठली गोळी घ्यायची नाही, आणि रक्त तपासायला येत राहायचं. काहींची मात्र बरी होत नाही. अंगात ठाण मांडते आणि वर्षानुवर्षं यकृत पोखरते. तुमचं काय होतंय ते आज सांगता येणार नाही."

मग त्या थोरलीकडे वळल्या. तिचंही रक्त घेतलं, आणि एकाच घरात राहते म्हणून लशीची पहिली सुई तिथल्या तिथे दिली. घरातल्या बाकीच्यांनाही पाठवा म्हणाल्या. दंड चोळत थोरली मनात म्हणाली, संध्याकाळी ह्यांनाही पाठवते.

"आता महत्त्वाचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात कुणाबरोबर टोचून घेतलंत?"

"माझी सुई माझीच असते," धाकटा म्हणाला. "नवी. कुणाला देत नाही, कुणाची घेत नाही."

"सुई झाली. चमचा? कापूस? पाणी?"

धाकटा खुर्चीची कड नखाने खरवडू लागला.

"दोघांच्या सुया वेगळ्या, पण पाण्याची वाटी एक. तुम्ही आपली सिरिंज त्यात धुतलीत, त्याने त्याच पाण्यात पुडी कालवली. डोळ्याला दिसणारही नाही एवढं रक्त पुरतं. हा विषाणू चिवट आहे, वाळलेल्या डागातही दिवसच्या दिवस तग धरतो."

धाकट्याने मान खाली घातली. "परवा," तो म्हणाला. "एकजण होता."

"लस घेतलेली आहे त्याने?"

"नाही."

"मग त्याला आजच्या आज इथे आणा. लशीबरोबर एक वेगळं इंजेक्शन असतं, त्यात लढणारी द्रव्यं तयारच असतात. वेळेत दिलं तर विषाणूला पाय रोवायला जागा मिळत नाही. जितका उशीर तितका उपयोग कमी, आणि आठवडा उलटला की काहीच नाही. ते इंजेक्शन मी मोठ्या इस्पितळातून मागवून घेते. दवाखाना बंद होईपर्यंत वाट बघेन. आणि हे पोलिसांकडे जात नाही, हे त्यालाही सांगा."

बाहेर बोळात आल्यावर थोरलीने विचारलं, "कोण?"

"तू ओळखत नाहीस."

"ओळख करून घेईन. कुठे सापडेल?"

"तो येणार नाही, ताई."

"त्याने यायचं की नाही ते त्याला ठरवू दे. तू मला ठिकाण सांग."

धाकटा भिंतीला टेकून खाली उकिडवा बसला. त्याच्या कपाळावर घाम होता; तो काविळीचा, तलफेचा की भीतीचा, तिला कळेना. तिने मनातल्या मनात त्याच्या सगळ्या सोबत्यांचे चेहरे आठवून पाहिले. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागे ती मंडळी बसतात, हे तिला ठाऊक होतं. ती एकदा तिथे गेली होती आणि परत कधी जाणार नाही असं म्हणाली होती.

"ठीक आहे," तिने पिशवी खांद्याला लावली. "वखारीमागे जाते. तिथे जो जो असेल त्याला विचारते. नाहीतर सगळ्यांनाच आणते गाडी करून."

धाकट्याने तिचा पदर धरला. लहानपणी धरायचा तसा.

"तिथे नाही. वखारीत नव्हतोच परवा."

"मग?"

"घरी होतो."

"घरी? आपल्या?" थोरलीचा आवाज खाली आला. "घरात टोचलंस तू. बरं. ते नंतर बघू. पण घराला कुलूप असतं दुपारचं. बाहेरचा माणूस आत आला कसा? चावी एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे, आणि एक—"

वाक्य तिथेच थांबलं. पुढचा शब्द तिने उच्चारला नाही आणि धाकट्यानेही तिला उच्चारू दिला नाही.

"जेवायला आले होते दाजी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी सगळं मांडून बसलेलो. आधी मला शिव्या दिल्या. लाथेने चमचा उडवला. मग उभेच राहिले. मग खाली बसले. आणि म्हणाले, थोडं मला. मी नाही म्हटलं, ताई. दोनदा म्हटलं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"पाकिटात नवी सुई होती. म्हटलं निदान नवी तरी देऊ."

थोरलीच्या पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर तसं काही झालं नाही. जमीन जागच्या जागी होती, घट्ट, फिनाइलच्या वासाची. फक्त परवाची संध्याकाळ तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. नवरा लवकर झोपला होता. पाठ दुखते म्हणाला होता. तिने पाठीला मलम चोळून दिलं होतं.

"इथेच बस," ती धाकट्याला म्हणाली. "हललास तर बघ."

नवरा कुठल्या इमारतीत आहे ते तिला माहीत होतं. या आठवड्यात तो तिथल्याच लिफ्टच्या दोऱ्या बदलत होता. ती पोहोचली तेव्हा तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि आत लिफ्ट नव्हती. नुसती काळी पोकळी, तिला आडवा लावलेला लाकडी अडसर, आणि वरून कुठूनतरी पान्याचा ठण्ण ठण्ण आवाज. अडसरापाशी मुकादम खुर्ची टाकून बसला होता. जाडजूड माणूस, पण आवाज बारीक.

"वहिनी? तुम्ही इकडे कशा? घरी सगळं ठीक ना?"

"यांना जरा खाली बोलवा. भावाला दवाखान्यात ठेवलंय."

खोटं काहीच नव्हतं त्यात. मुकादमाने पोकळीत तोंड घालून हाक मारली. ठण्ण ठण्ण थांबलं. थोरलीने वाकून वर पाहिलं. खूप उंचावर दिवा लटकत होता आणि त्या उजेडात लिफ्टच्या पाठीवर उभा असलेला तिचा नवरा, एक हात दोरीला, बोटभर दिसत होता.

"मेव्हण्याला दवाखान्यात नेलंय," मुकादम ओरडला. "वहिनी आल्यात."

वरून उत्तर आलं नाही. थोरलीच्या मनात आलं, आत्ता याचा पाय घसरला तर? आपण हे शब्द खालून पाठवायला नको होते. मग पान्याची पेटी बंद केल्याचा आवाज आला, आणि कितीतरी वेळाने जिन्यावर पावलं.

तो आला तेव्हा त्याचे हात ग्रीसने काळे होते. त्याने एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ती त्याला जिन्याच्या वळणावर घेऊन गेली.

"काय झालं त्याला?"

"कावीळ. रक्तातून पसरणारी. परवा तुम्ही त्याच्याबरोबर होता."

"मी? कुठे? मी तर—"

"अहो, मी विचारत नाहीये. सांगतेय."

तो कठड्याला टेकला. खालच्या मजल्यावर कुणाचातरी कुत्रा भुंकत होता.

"एकदाच," तो म्हणाला.

"बरं."

"दोन वर्षांत एकदाच. कारण विचारू नकोस. कारण असतं तर मीच सांगितलं असतं."

"नाही विचारत. चला दवाखान्यात."

"पण मला काही होणार नाही. सुई नवी होती. त्याने माझ्यासमोर पाकीट फोडलं. मी काही एवढा खुळा नाही."

"आणि पाणी?"

"काय पाणी?"

"पुडी कालवायला पाणी घेतलंत ना. कुठलं घेतलंत?"

त्याच्या डोळ्यांपुढे ती वाटी येतेय, हे तिला त्याच्या तोंडावर दिसलं. स्वयंपाकघरातलीच स्टीलची वाटी असणार. नंतर आपणच ती घासून पालथी घातली असणार.

"त्याने आधी धुतली होती त्यात," तो हळू म्हणाला. "पण पाणी तर स्वच्छच दिसत होतं."

"आमच्याकडे चादरीही स्वच्छ दिसतात," थोरली म्हणाली. "आज गेलात तर एक सुई आहे, रोग लागण्याआधीच अडवते. उशीर झाला की नाही. चला."

तो जागचा हलला नाही. "तिथे रक्त घेतील. हात बघतील. या धंद्यात बातमी फुटायला काय लागतं? मुकादमाला कळलं तर तो मला लिफ्टच्या पाठीवर उभा करील? दुसऱ्याचा जीव माझ्या हातात असतो. मला झाडू मारायलाही कुणी ठेवणार नाही. तू हो पुढे. मी संध्याकाळी बघतो. येतो मी."

हे 'येतो' तिच्या ओळखीचं होतं. पूर्वी असंच 'येतो' म्हणून तो जायचा आणि तिसऱ्या दिवशी उगवायचा. तिने इतका वेळ धरून ठेवलेला दोर सुटला.

"तू आत्ता येणारेस," ती म्हणाली.

लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याला अरे-तुरे केलं होतं. आवाज चढवला नव्हता, तरी तो दचकला.

"भांडायचंय मला तुझ्याशी. मोठं भांडायचंय. तू घरात काय केलंस, माझ्याशी काय खोटं बोललास, रात्री माझ्याकडून पाठ चोळून घेतलीस, सगळं काढणारे मी. पण ते उद्या. आज दवाखाना बंद व्हायच्या आत तुझा दंड त्या बाईंच्या समोर पाहिजे. आणि तुला नसेल यायचं तर एवढं तरी सांग, मग माझं काय? मी तुझ्या शेजारी झोपते."

तो जिना चढून वर गेला.

थोरली खाली आली. मुकादमाच्या खुर्चीमागे नवऱ्याचे घरून घालून आलेले बूट ठेवलेले होते; कामावर तो जाड तळाचे दुसरे घालायचा. तिने ते बूट उचलले आणि मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

"काय वहिनी," मुकादम हसला, "बूट जप्त केले? पळून जायचा धोका दिसतोय."

"हो ना," ती म्हणाली. "लग्नापासून आहे."

मुकादमाला विनोद आवडला. तो बराच वेळ हसला. थोरली कान वर लावून बसली होती. वरून पान्याचा आवाज येत नव्हता. या इमारतीला मागून लोखंडी जिना आहे, हे तिला येतानाच दिसलं होतं. जाड तळाच्या बुटांनीही माणूस पळू शकतो. तिने ठरवलं, आता उठायचं आणि मागच्या बाजूला जाऊन बघायचं. पण तेवढ्यात तो पुढून उतरून गेला तर? उठावं की बसावं या कात्रीत ती बुटांच्या नाड्या बोटाला गुंडाळत राहिली. बाहेरचा उजेड पायरीवरून सरकत दाराशी गेला होता.

एकदाची जिन्यावर पावलं वाजली. तो खाली आला, तिच्याकडे न बघता मुकादमासमोर उभा राहिला.

"मला जायला हवं."

"जायला हवं? संध्याकाळी लिफ्ट चालू करून द्यायचीय. वरच्या मजल्यावरची म्हातारी चार दिवस घरात कोंडून पडलीय. मेव्हण्याला दवाखान्यात डॉक्टर आहेत ना?"

नवऱ्याने दोन्ही हात पुढे केले. काळी बोटं थरथरत होती.

"मी मघापासून एक नट लावायचा प्रयत्न करतोय," तो म्हणाला. "लागत नाही. अशा हातांनी बांधलेल्या दोरीवर तुम्ही म्हातारीला चढवाल?"

मुकादमाने हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्याला काय समजलं, किती समजलं, ते त्याचं त्याला ठाऊक. "जा," तो म्हणाला. "उद्या ये. नाही जमलं तर कळव. मी दुसऱ्याला बोलावतो."

थोरलीने बूट पुढे केले.

दवाखान्याच्या दाराशी नर्स शटर अर्ध्यावर ओढून उभी होती. डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या, "येऊ द्या त्यांना." धाकटा सांगितलेल्या बाकावरच होता, गुडघ्यात डोकं घालून. दाजींना बघून तो उठला, आणि काय करावं न सुचून पुन्हा बसला. नवरा त्याच्या समोरून गेला. जाताना त्याने मेहुण्याच्या डोक्यावर हात ठेवला की त्याला बाजूला सारलं, ते थोरलीला कळलं नाही.

आधी रक्त घ्यायचं होतं. नर्सने दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळगीत बोटं दाबली, पुन्हा दाबली, दुसरा हात मागितला. शीर सापडेना. दोन्ही खळग्यांत कातडी घट्ट आणि निबर झाली होती.

"तिथे नाही मिळणार," नवरा म्हणाला. "मनगटाच्या मागे बघा. अंगठ्याकडून वर."

तिथे शीर होती, आणि तिच्याशेजारी परवाचा लाल ठिपका. थोरलीने तो पाहिला. नर्सनेही पाहिला आणि सिरिंजचं पाकीट फोडलं. त्या चर्र आवाजाबरोबर नवऱ्याचं सगळं अंग ताठ झालं. सुईवर त्याची नजर अशी खिळली, की त्या नजरेची थोरलीला लिफ्टच्या त्या काळ्या पोकळीपेक्षा जास्त भीती वाटली. ती नर्स आणि तो यांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने त्याची हनुवटी धरून स्वतःकडे वळवली.

"इकडे बघा," ती म्हणाली. पुन्हा अहो-जाहो आलं होतं. "भांडणात पहिला मुद्दा कुठला काढू, ते सांगा."

"पाठीचा काढ," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पाठ खरंच दुखत होती."

रक्त घेतलं. मग एका दंडात लस, आणि मोठ्या इस्पितळातून बर्फाच्या डब्यात आलेलं ते दुसरं इंजेक्शन दुसरीकडे. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं: लशीचे पुढचे डोस चुकवायचे नाहीत, रक्त पुन्हा तपासायचं, आणि तोवर नवरा-बायकोंनी काळजी घ्यायची. रेझर, ब्रश, नखं कापायची कात्री, ज्याचं त्याचं वेगळं. "रोग अडेलच असं वचन देत नाही," त्या म्हणाल्या. "पण आलात ते बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी थोरली भांडली. बोलल्याप्रमाणे भांडली, एकही मुद्दा गाळला नाही. नवरा ऐकून घेत होता, मध्येच तोही पेटला, आणि धाकटा बाहेरच्या खोलीत पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिला. त्यानंतर कितीतरी दिवस नवऱ्याचं अंथरूण मेहुण्याशेजारी पडत होतं. ठेचकाळलेले दोघं एका खोलीत. त्यांना तिथे एकत्र सोडून कामावर जाताना रोज तिचा जीव टांगणीला लागे. ती दुपारी मध्येच फोन करी. नवरा म्हणे, "आहे. जागा आहे. शुद्धीत आहे. ठेव."

लिफ्टच्या कामावर तो गेला. मुकादमाने काही विचारलं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस त्याला वर न चढवता तळाशी मोटारीपाशीच बसवलं. नवऱ्याने ते मुकाट्याने गिळलं.

धाकट्याचे डोळे हळूहळू निवळले. त्याचं अंग त्या रोगाशी लढून जिंकलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुडी मात्र सुटली नाही. अंगात त्राण आलं तसा तो पुन्हा वखारीमागे जाऊ लागला. थोरलीने हाय खाल्ली. पण एक दिवस दवाखान्यातली नर्स तिला रस्त्यात भेटली आणि म्हणाली, तुमचा भाऊ माणसं घेऊन येतोय. कधी एक, कधी दोघं. लस टोचून घ्यायला. एकाचे डोळे पिवळे नसतानाही रक्त खराब निघालं, दुसऱ्या जातीची कावीळ होती, ती गोळ्यांनी बरी होते. त्याचं औषध सुरू झालंय. तिथे धाकटा म्हणे सगळ्यांना ओरडतो, वाटी वेगळी घ्या, चमचा वेगळा घ्या. सगळे त्याला आता 'डॉक्टर' म्हणून चिडवतात.

"ताई, सोडेन कधीतरी," घरी तिने विषय काढल्यावर तो म्हणाला. "आज नाही सांगत. खोटं कशाला बोलू."

तिला संताप आला, आणि तो खोटं बोलला नाही याचं बरंही वाटलं.

नवऱ्याच्या रक्ताचा शेवटचा अहवाल घ्यायला दोघं मिळून गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि विषाणू नाही, लस लागू पडली आहे, असं सांगितलं. थोरलीचंही तसंच होतं. नवरा खुर्चीत मागे रेलला. बाहेर आल्यावर दोघं पायरीवर जरा वेळ उभे राहिले. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण तो कसा दाखवायचा याचा सराव दोघांनाही राहिला नव्हता.

"आता मी आत झोपायला येऊ?" नवऱ्याने विचारलं.

थोरलीने रस्त्यावरच्या गर्दीकडे बघत विचार केला. तिला कामावर जायचं होतं. अर्ध्या दिवसाचीच रजा मिळाली होती.

"आजचा दिवस बाहेरच," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बघू."

तो हो म्हणाला आणि बसच्या थांब्यापर्यंत तिच्याबरोबर चालत आला.